घरच्या चुलीची दुरुस्ती

लाकूड पेटते तेव्हा आधी त्यातले पाणी उडून जाते. मग साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडातून जळाऊ वायू आणि डांबराची वाफ निघू लागते, आणि शेवटी निखारा उरतो. जाळ दिसतो तो या वायूंचा. ते नीट पेटायला 600 अंशांच्या आसपास उष्णता आणि पुरेशी हवा लागते. यांतले एक जरी कमी पडले तरी वायू न जळताच बाहेर पडतात आणि त्यांचाच धूर होतो. धूर हे वाया गेलेले जळणच असते. म्हणून चुलीची कोणतीही दुरुस्ती करताना पहिला प्रश्न हा, की वायू चुलीतच जळतील असे काय करता येईल. धूर घराबाहेर कसा घालवायचा, हा त्यानंतरचा.

मुंबईच्या भांडुप उपनगराचा चुलीशी संबंध दोन वाटांनी येतो. पश्चिमेकडे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आदिवासी पाड्यांवर ती आजही पेटते. दुसरी चूल गावाकडची. तळकोकणातून येऊन भांडुपात स्थिरावलेल्या कितीतरी कुटुंबांच्या गावच्या घरी ती गणपतीत आणि शिमग्यात पेटते, मधले महिने बंद घरात ओल खात पडून असते. दोन्हीकडे गॅस पोहोचला आहे. तरी आंघोळीचे पाणी, भाकऱ्या आणि सणाचा मोठा स्वयंपाक यांसाठी चूल लागतेच.

बंद घरातल्या चुलीवर पहिल्याच दिवशी मोठा जाळ करू नये. मातीत मुरलेल्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि चूल तडकते. आदल्या दिवशी काटक्यांचा बारीक जाळ अधूनमधून करून ती सुकवून घ्यावी. तरीही भेगा निघाल्या तर त्या सिमेंटने बुजवण्याचा मोह होतो, आणि हीच सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. सिमेंट ज्यामुळे घट्ट धरते ते पाणी चुलीच्या उष्णतेने सुटू लागते आणि गिलावा भुसभुशीत होतो. शिवाय माती आणि सिमेंट सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे भेग पुन्हा तिथेच पडते. नदीतले गोटेही चुलीच्या आत लावू नयेत. पाणी मुरलेला गोटा तापला की फुटतो.

भेगेतली सुटी माती खरवडून काढावी, कडा ओल्या कराव्यात आणि मातीनेच ती भरावी. नुसती चिकणमाती वाळताना आकसते, म्हणून तिच्यात वाळू घालतात. शेणातले तंतू आणि भाताचे तूस माती धरून ठेवतात. तुसाचा आणखी एक उपयोग फारसा लक्षात घेतला जात नाही. आतल्या थरातले तूस तापून जळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्यांतली कोंडलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जाड, भरीव भिंतीची चूल उष्णता राखते असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात अशी भिंत ती शोषून घेते. चहापुरती चूल पेटवली तर जाळाचा मोठा वाटा माती तापवण्यातच जातो. आतून दोन-तीन सेंटीमीटरचा तूस जास्त असलेला हलका थर आणि त्यामागे चाळलेल्या राखेची भर, एवढ्याने जुनी चूलही लवकर तापते. अमेरिकेतले लॅरी विनियार्स्की यांनी 1980च्या दशकात ‘रॉकेट’ चुलीची रचना मांडली, तिच्या मुळाशी आतला भाग हलका आणि उष्णतारोधक ठेवण्याचाच विचार होता.

यानंतर हवा. लाकडे सरळ जमिनीवर ठेवली की राखेत रुततात, तोंड लाकडांनी भरते आणि फुंकणी हातातून सुटत नाही. तळापासून चार बोटे उंचीवर लोखंडी जाळी बसवावी. सळयांमध्ये सुमारे एक सेंटीमीटर फट असावी, म्हणजे राख खाली पडते, निखारा वर राहतो आणि हवा खालून जाळात शिरते. जाळीखालची राख रोज काढली नाही, तर जाळी असून नसल्यासारखी.

भांडे कुठे बसते यावर जळणाचा खर्च ठरतो. भांडे फार खाली असेल तर जाळ त्याच्या गार बुडाला लागून विझतो आणि काजळी धरते. फार वर असेल तर उष्णता आजूबाजूला जाते. जाळीपासून बुडापर्यंत 15 ते 20 सेंटीमीटर अंतर घरगुती भांड्यांना बहुधा जमते. भांडे टेकायचे तीन उंचवटे झिजले किंवा एखादा तुटला, की एका बाजूने मोठी फट पडते आणि जाळ तिकडूनच निसटतो. तिन्ही पुन्हा सारखे करून भांडे आणि काठ यांत सुमारे एक सेंटीमीटर फट ठेवावी. वैलाकडे, म्हणजे बाजूच्या दुसऱ्या भांड्याकडे, जाणारी वाट चढती असावी. ती काजळीने आणि राखेने भरली की वैलावरचे पाणी कोमटही होत नाही.

धुराड्याचा इतिहास महाराष्ट्राला जवळचा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे 1980च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 2002 साली तो थांबला तोवर देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या होत्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने धुराड्याची ‘लक्ष्मी’ आणि बिनधुराड्याची ‘भाग्यलक्ष्मी’ अशा दोन भांड्यांच्या चुली साच्यातून काढल्या. साच्याला महत्त्व होते, कारण अशा चुलीत एक-दोन सेंटीमीटरचा फरकही काम बिघडवतो. वाटलेल्या अनेक चुली मात्र लवकरच अडगळीत गेल्या: नळ्या तुंबल्या, त्या कशा साफ करायच्या हे कोणी दाखवले नाही, आणि रोज रांधणाऱ्या बाईला तिची भांडी केवढी हे फारसे कोणी विचारले नाही. दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होते.

धुराडे बसवायचे तर नळी सरळ उभी, सात ते दहा सेंटीमीटर व्यासाची, छपराच्या आढ्याहून किमान दोन फूट वर आणि टोपी असलेली हवी, आणि महिन्यातून एकदा काजळी झाडायला हवी. पूर्वी वापरात असलेली ॲस्बेस्टॉसची नळी आता टाळावी. ती कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. डोंगरउतारावरच्या दाट वस्तीत खालच्या घराचे धुराडे वरच्या घराच्या खिडकीशी येते. तिथे चुलीतच धूर जाळणे हा शेजारधर्म आहे.

जळण वाळलेले आणि अंगठ्याएवढे चिरलेले असावे. आगोटीआधी भरून ठेवलेले उत्तम. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड आणि पेटवणाला प्लास्टिक हे वर्ज्यच.

दुरुस्ती साधली का, हे तोलून कळते. पाच लिटर पाणी 27 अंशांवरून उकळीला यायला 365 किलोकॅलरी लागतात. एक किलो वाळल्या लाकडात सुमारे 3,600 असतात. त्या पाण्याला किलोभर लाकूड लागले, तर चुलीने दहावा हिस्साच वापरला. दुरुस्तीआधी आणि नंतर तेच भांडे, तेच झाकण आणि तेच लाकूड घेऊन हे पाहावे. दुरुस्तीनंतर अर्ध्या किलोत उकळी आली, तर त्याच चुलीला आता निम्मेच जळण लागते.