नाव कोणाचे, काम कोणाचे?



कामगारसंघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत सिनेमावर बोलावे, आणि तेही भयपटावर, याचे आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तेव्हा कलेची मीमांसा आम्ही करणार नाही. कामाची वाटणी कशी होते, एवढेच बोलू. तो आमचा रोजचा विषय आहे.

'तुंबाड' हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी पडद्यावर आला. नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारे, प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची, आणि काळ १९१८ ते १९४७. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. पण पाट्या नीट वाचल्या तर सहदिग्दर्शक म्हणून आदेश प्रसाद आहेत, 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' म्हणून आनंद गांधी आहेत, आणि लेखनाला चार नावे आहेत. चित्रण २०१२ साली सुरू झाले. काही भाग पुन्हा चित्रित करावा लागला. पडद्यावरचा तो न थांबणारा पाऊस मिळवण्यासाठी या मंडळींनी अनेक पावसाळे घालवले.

मग हा चित्रपट कोणाचा? सर्वांचा, असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. पण आम्ही कमिट्यांत आयुष्य काढले आहे. सर्वांच्या मताने लिहिलेला ठराव कसा बेचव होतो, हे आम्हांस ठाऊक आहे. 'हे नको, पुन्हा करा' असे म्हणणारा कोणी तरी एक लागतो. दिग्दर्शकाचा मान आम्ही नाकारीत नाही. मात्र तो 'नको' म्हणू शकतो, कारण त्याच्यापुढे काही तरी करून ठेवणारे दुसरे असतात. २०१९ साली या चित्रपटास फिल्मफेअरची तीन पारितोषिके मिळाली, ती छायाचित्रणास, कलादिग्दर्शनास आणि ध्वनिरचनेस. त्या वाड्यातला काळोख पंकज कुमारांच्या कॅमेऱ्याने टिपला. त्यातली ती भयंकर आजी तर मोहम्मद समद या मुलाने रंगवली; आम्ही ओळखलेही नाही.

कथेतल्या हस्तरला सोने आणि धान्य दोन्ही हवे होते. सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो कणकेच्या बाहुलीसाठी कायमचा भुकेला. श्रेयाची भूकही तशीच असते. हे आम्ही दुसऱ्यास सांगत नाही, स्वतःविषयी सांगतो.

एका संपात पगारवाढीचा करार झाला, तेव्हा हार आमच्या गळ्यात पडले. त्या करारातला आकडान् आकडा खात्यातल्या एका हिशेबी कारकुनाने रात्री जागून काढलेला होता. सभेत त्यांचे नाव घ्यावयाचे आम्ही विसरलो, असे पुष्कळ दिवस आम्ही स्वतःस सांगत होतो. खरे म्हणजे विसरलो नव्हतो; हार आवडले होते. पुढे वार्षिक अहवालात आम्ही ते नाव छापले. तोवर ते निवृत्त होऊन गावी गेले होते. अहवाल टपालाने पाठवला. उत्तर आले नाही.

म्हणून आपणांस एकच विनंती. चित्रपट संपला की दिवे लागतात आणि आपण चपला शोधू लागतो. त्या वेळी पडद्यावर नावे सरकत असतात. तेवढी दोन मिनिटे बसून राहावे. ती नावे वाचणे ही मेहेरबानी नव्हे. तो मजुरीचाच एक भाग आहे, आणि तो देणे आपल्या हाती आहे.