मुलासाठी उपचारतज्ज्ञ शोधताना
(तळवली येथील पालक सभेत केलेले भाषण)



शिक्षणाचा विषय निघाला की आपण दहावीच्या निकालाबद्दल बोलतो. आज मी, हाक मारली तरी वळून न पाहणाऱ्या मुलाबद्दल बोलणार आहे.

दीड वर्षाचे मूल नावाला ओ देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, तासन् तास खेळण्यातल्या गाडीचे चाकच फिरवते. घरातील वडीलधारी म्हणतात, "मुलगे उशिराच बोलतात." अशी वाट पाहण्यात दोन-तीन वर्षे जातात. शिकवण्यास सर्वांत सोयीची वर्षे नेमकी तीच असतात.

या अवस्थेला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन केले. पुढे आईच्या कोरड्या वागण्याला दोष दिला गेला. तो समज चुकीचा ठरला. म्हणून घरच्या सुनेला बोल लावू नका.

आता जावे कोठे? प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे. मुलाला नीट ऐकू येते ना, याचीही तपासणी करावी. त्यासाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. नवी मुंबईतच, वाशीला महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र आहे. घणसोली किंवा रबाळे स्थानकावरून वाशी दूर नाही.

उपचारतज्ज्ञ निवडताना नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागा. त्यात संकोच नको. वाचोपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. व्यवसायोपचारतज्ज्ञांसाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे.

मग एकच प्रश्न विचारा : "घरी आम्ही काय करायचे?" केंद्रात मूल आठवड्याला दोन-तीन तास असते, उरलेले ऐंशीहून अधिक जागे तास ते आपल्याजवळ असते. चांगला उपचारतज्ज्ञ आईबापांनाही शिकवतो. पेला मुलाच्या नजरेसमोर धरा, थोडे थांबा. त्याने बोट दाखवले किंवा पाहिले की "पाणी" म्हणून लगेच द्या. एवढी साधी गोष्ट दिवसातून दहा वेळा करता येते. जो पालकांना दाराबाहेर बसवतो आणि काही सांगत नाही, त्याच्याकडे पैसे भरण्यापूर्वी पुन्हा विचार करा. घरची भाषा उर्दू असो, मराठी असो वा कोकणी, ती सोडून इंग्रजी बोलण्याची गरज नाही.

"पूर्ण बरा करतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. मूलपेशींच्या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये सांगितले आहे. त्यासाठी दागिने मोडू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. पात्र मुलांना सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

विद्यार्थिमित्रांनो, असा सोबती वर्गात आला तर त्याची नक्कल करू नका. त्याला खेळात घ्या. आणि पालकहो, शेजारच्या घरात असे मूल असेल तर हा पत्ता त्या आईला आजच सांगा. पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका.