आत्ता आणि नंतर : कुटुंबाची सहल व छायाचित्र



१९४३ सालच्या डिसेंबर महिन्यात एडविन लँड हे अमेरिकन संशोधक आपल्या कुटुंबासह न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे या गावी सुटी घालवीत होते. फिरताना त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचे, जेनिफरचे, छायाचित्र काढले. काढलेले चित्र लगेच का पाहता येत नाही, असे तिने वडिलांना विचारले. असा प्रश्न त्यापूर्वी कितीतरी मुलांनी विचारला असेल आणि कितीतरी वडिलांनी हसून तो सोडून दिला असेल. लँड यांनी तो सोडला नाही. तो मनाशी घोळवीत ते एकटेच फिरावयास निघाले आणि तासाभरात कॅमेरा, फिल्म व रसायन या तिन्हींची मूळ कल्पना त्यांना सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्यांचे पेटंटविषयक वकील डोनाल्ड ब्राउन योगायोगाने त्याच गावी आलेले होते. त्यांना गाठून लँड यांनी ती कल्पना तपशीलवार कथन केली.

जेनिफरचा प्रश्न लहान होता, परंतु कुटुंबाच्या छायाचित्राचा सारा इतिहास त्यात सामावलेला आहे. तो नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि छायाचित्रण हे व्यावसायिकाच्या हातून घरातील सामान्य माणसाच्या हाती आले. या कॅमेऱ्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. शंभर चित्रे संपली की सबंध कॅमेराच रॉचेस्टर येथील कारखान्याकडे पाठवावयाचा, आणि तेथून चित्रे तयार होऊन येईपर्यंत वाट पाहावयाची. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरील उन्हाळा घरी पोहोचे तेव्हा बाहेर पानगळ सुरू झालेली असे. आपल्या देशातही हा अनुभव अपरिचित नाही. ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा कित्येक मध्यमवर्गीय घरांत होता. एका रोळात बारा चित्रे. आग्र्याच्या प्रवासात सात काढली तर उरलेली पाच एखाद्या बारशासाठी वा मुंजीसाठी राखून ठेवली जात. रोळ धुऊन येई तेव्हा प्रवास मागे पडलेला असे, आणि कोणाचे डोळे मिटले होते हे तेव्हा कळे. त्यावर उपाय उरलेला नसे.

लँड यांनी हा कालावधी एका मिनिटावर आणला. त्यामागील क्रिया समजण्यास अवघड नाही. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडला त्यांचे रसायनाच्या योगाने काळ्या चांदीत रूपांतर होते, आणि ज्यांवर प्रकाश पडला नाही ते तसेच राहतात. नेहमीच्या पद्धतीत हे उरलेले कण धुऊन टाकले जातात. लँड यांनी त्यांनाच कामाला लावले. फिल्म कॅमेऱ्याबाहेर ओढली जाताना दोन रूळांमधून जाई. तेथे दाट रसायनाची एक इवलीशी बंद पुडी फुटे आणि ते रसायन निगेटिव्ह व कागद यांच्यामध्ये समप्रमाणात पसरे. प्रकाश न पडलेले कण त्यात विरघळून समोरच्या कागदावर जात व तेथे चांदीच्या रूपाने स्थिर होत. अशा रीतीने निगेटिव्हच्या छायेतून चित्र उमटे. मिनिटभराने दोन्ही थर अलग केले की चित्र हाती येई. जे भाग टाकाऊ म्हणून वाहून जात होते त्यांतूनच चित्र घडवावयाचे, हे या शोधाचे मर्म होते.

२१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यू यॉर्क येथे प्रकाशशास्त्रज्ञांच्या सभेत लँड यांनी स्वतःचे छायाचित्र काढून ते तेथल्या तेथे सोलून दाखविले. पुढील वर्षी, २६ नोव्हेंबर १९४८ रोजी, बॉस्टनच्या एका मोठ्या दुकानात पहिला पोलरॉइड कॅमेरा विक्रीस आला. वजन सुमारे दोन किलो आणि किंमत ८९ डॉलर ७५ सेंट असूनही आणलेले सर्व कॅमेरे त्याच दिवशी खपले. पहिली चित्रे तपकिरी छटेची होती. १९५० साली काळ्या-पांढऱ्या चित्रांची फिल्म निघाली, तेव्हा एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. ती चित्रे काही काळाने फिकी पडू लागली. त्यावर असा उपाय योजण्यात आला की, प्रत्येक पुड्याबरोबर द्रव्यात भिजविलेली एक लहानशी कांडी द्यावयाची व चित्र सोलून काढताच गिऱ्हाइकाने ती त्यावर हाताने फिरवावयाची. मिनिटात मिळालेले चित्र टिकवावयाचे तर कोणीतरी कांडी हाती घेऊन त्यावर लेप दिलाच पाहिजे, असा हा नियम होता. ‘आत्ता’ची सोय यंत्राने केली, ‘नंतर’ची जबाबदारी माणसाकडेच राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील सारे विवेचन तिच्याभोवतीच फिरणारे आहे.

१९७२ साली आलेल्या ‘एस-एक्स ७०’ या कॅमेऱ्याने सोलण्याचा व लेपाचा खटाटोप संपविला. घडी घालून कोटाच्या खिशात मावणाऱ्या या कॅमेऱ्यातून चित्र आपोआप बाहेर येई आणि भर उजेडात, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, हळूहळू रंग धरी. कुटुंबाच्या सहलीत या काही मिनिटांना स्वतःचे असे स्थान मिळाले. कोरा चौकोन हाती धरून सगळे भोवती गोळा होत. प्रथम एखादी गडद आकृती दिसे, मग आकाश, मग चेहरे. थंडीत रंग निळसर होत, म्हणून चित्र कोटाच्या आत अंगाच्या उबेत धरावे लागे. चित्राच्या खालची पांढरी पट्टी इतर तीन बाजूंपेक्षा रुंद असे. ती शोभेसाठी नव्हती. रसायनाची पुडी तिच्यातच असे. परंतु लोकांनी तिचा वेगळाच उपयोग शोधून काढला. त्या पट्टीवर ते नाव, गाव, तारीख लिहू लागले. शिवाय या चित्राला वेगळी निगेटिव्ह नसे, प्रत एकच. ती कोणाला दिली की देणाऱ्याजवळ काही उरत नसे. त्यामुळे प्रवासात भेटलेल्या माणसाला त्याचे चित्र देणे हे खरोखरीचे देणे होते.

या देण्याघेण्याविषयीची एक आठवण इटालियन पटकथाकार तोनिनो ग्वेरा यांनी नोंदविली आहे. दिग्दर्शक मायकेलअँजेलो अँटोनिओनी एका चित्रपटाच्या पाहणीसाठी उझबेकिस्तानात हिंडत होते. त्यांनी तीन वृद्धांची पोलरॉइड चित्रे काढून ती त्यांच्या हाती दिली. त्यांतील वयोवृद्ध गृहस्थाने चित्राकडे ओझरती नजर टाकली आणि काळ थांबवून काय साधावयाचे, अशा अर्थाचा प्रश्न करून ते परत केले. प्रश्न निरुत्तर करणारा आहे. त्याचे उत्तर द्यावयाचेच झाले, तर ते ग्वेरा यांचे दुसरे स्नेही, रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या आयुष्यात सापडते. तारकोव्हस्की यांनी १९७९ नंतरच्या काही वर्षांत रशियात व इटलीत पोलरॉइडने बरीच चित्रे काढली. म्यास्नोये या खेड्यातील आपले घर, पहाटेचे धुके, पत्नी, मुलगा, कुत्रा, असे त्यांचे विषय. एखाद्या कुटुंबाच्या सुटीतील चित्रांत याहून वेगळे काय असते? परंतु १९८२ साली ते चित्रपटासाठी इटलीला गेले आणि १९८४ साली मिलान येथे त्यांनी मायदेशी न परतण्याचा निर्णय जाहीर केला. मुलाला त्यांच्याकडे येण्याची अनुमती मिळाली ती १९८६च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिस येथे तारकोव्हस्की निवर्तले. घर व मूल सरहद्दीपलीकडे असताना त्या साध्या चौकोनांचे मोल काय झाले असेल, याची कल्पना करता येते. छायाचित्राने काळ थांबत नाही. दुरावलेल्या माणसाला मागे वळून पाहण्यासाठी एक जागा मात्र त्यामुळे मिळते.

आता फोनकडे वळू. १९७० साली एका माहितीपटात लँड यांनी खिशातून पाकीट काढून दाखवीत भावी कॅमेऱ्याचे वर्णन केले होते. पाकिटासारखा सहज बाहेर काढता येणारा, पेन्सिल वा चष्मा यांच्याइतकाच नित्य वापरातला असा तो असेल, असे त्यांचे म्हणणे होते. हे भाकीत खरे ठरले, पण ते वेगळ्याच वाटेने, आणि त्या वाटेवरही कुटुंबेच उभी होती. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे फिलिप कान यांच्या मुलीचा जन्म झाला. कान यांनी प्रसूतिगृहातच एक अंकीय कॅमेरा, एक संगणक व आपला भ्रमणध्वनी तारांनी जोडून नवजात मुलीचे छायाचित्र दोन हजारांहून अधिक परिचितांना पाठविले. जपानमध्ये नोव्हेंबर २००० मध्ये शार्प कंपनीचा कॅमेरायुक्त फोन बाजारात आला. त्याच्या जन्मकथेत असे सांगितले जाते की, जे-फोन या दूरध्वनी कंपनीतील एक अधिकारी आईवडिलांना घेऊन हाकोने येथे सहलीस गेले होते. तेथील रोपवेत एक प्रवासी समोरच्या देखाव्याचे वर्णन फोनवर टंकित करण्याची धडपड करीत होती. ते पाहून फोनमधून चित्रच पाठविता यावे, हे त्यांना सुचले. त्या फोनच्या चित्रात अवघे १,१०,००० बिंदू होते. भिंगाशेजारी एक लहानसा आरसाही बसविलेला होता, कारण माणसाला देखाव्याबरोबर स्वतःलाही दाखवावयाचे असते.

जेनिफरला चित्र ‘आत्ता’ हवे होते. कान यांना ते ‘आत्ता’ आणि ‘तिकडे’ही हवे होते. फोनने दोन्ही दिले. त्याचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलाची रामेश्वरची सहल गावी बसलेल्या आजीला त्याच घटकेला पाहता येते. खर्चाचा प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला आहे. पूर्वी कॅमेरा एकाच्या, बहुधा वडिलांच्या, ताब्यात असे, आणि म्हणून कित्येक घरांच्या आल्बमात वडील दिसतच नाहीत. आज आई, मुले, आजोबा सर्वच चित्रे काढतात.

परंतु विपुलतेचेही एक गणित असते. दहा चित्रांचा पुडा हाती असलेला माणस कळ दाबण्यापूर्वी पाहतो, थांबतो, निवड करतो. फोन हाती असलेला माणूस आधी काढतो आणि निवड पुढे ढकलतो. ते ‘पुढे’ सहसा येत नाही. अमेरिकेतील फेअरफील्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा या विषयावरील अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. संग्रहालयातील ज्या वस्तूंची लोकांनी छायाचित्रे काढली त्या, केवळ निरखून पाहिलेल्या वस्तूंच्या मानाने, दुसऱ्या दिवशी त्यांना कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्या भागावर मुद्दाम लक्ष केंद्रित करून चित्र काढले असता मात्र ही हानी आढळली नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संशोधनात, स्वेच्छेने चित्रे काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक आठवते व ऐकलेले कमी, असे दिसून आले. दोहोंचा आशय एकच निघतो. दोष कॅमेऱ्याचा नसून लक्ष न देण्याचा आहे. आणि सहलीत ऐकण्यासारखेही पुष्कळ असते.

टिकण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. पोलरॉइड कंपनीने फेब्रुवारी २००८ मध्ये तत्क्षण फिल्मचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखाना बंद होत असताना फ्लोरिआन काप्स व आंद्रे बोसमन यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने तेथील यंत्रे वाचविली. परंतु यंत्रे असूनही मूळची अनेक रसायने मिळेनाशी झाली होती. २०१० साली त्यांची पहिली फिल्म निघाली, ती कॅमेऱ्याबाहेर येताच उजेडापासून झाकावी लागे. एकदा मोडलेली साखळी पुन्हा जोडणे किती कठीण असते, याचा हा धडा आहे. सुदैवाने आज पोलरॉइडच्या नावाची फिल्म मिळते, आणि फुजी कंपनीने १९९८ पासून आणलेली इन्स्टॅक्स फिल्मही जगभर खपते. फोनमधील चित्र तिच्यावर उतरविणारी लहान यंत्रेही निघाली आहेत.

फोनमधील चित्रांची साखळी तर अधिकच नाजूक आहे. फोन हरवतो, पाण्यात पडतो, जुना होऊन अडगळीत जातो. परवलीचा शब्द जाणणारी व्यक्ती निघून जाते. चित्राबरोबर तारीख, वेळ, पुष्कळदा ठिकाणही फोन नोंदवून ठेवतो. परंतु मागच्या रांगेत उभी असलेली ती बाई कोणाची कोण, आणि सगळे का हसत होते, हे त्याला ठाऊक नसते. ते रुंद पांढऱ्या पट्टीवर कोणीतरी लिहिलेले असे.

म्हणून सहलीहून परतल्यावर एक संध्याकाळ राखून ठेवावी. घरातील सर्वांनी मिळून शेकडो चित्रांतून वीस-पंचवीस निवडावीत. निवडताना जो वादविवाद होतो, तोही सहलीचाच एक भाग असतो. निवडलेली चित्रे कागदावर छापून घ्यावीत, मागे नावे लिहावीत, आणि मूळ चित्रांची एक प्रत फोनखेरीज अन्यत्र ठेवावी. जुनी पोलरॉइड चित्रे असतील तर ती कात्रीने कापू नयेत, उन्हात लावू नयेत, पावसाळी दमटपणापासून जपावीत. त्यांची दुसरी प्रत नाही, तेव्हा त्यांचे छायाचित्र आजच काढून ठेवावे. येथे फोन पोलरॉइडच्या मदतीला येतो, हे विशेष.

सांता फे येथील त्या मुलीने चित्र आत्ता का दिसत नाही, असे विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राने आणि त्यानंतर विद्युत्शास्त्राने परिपूर्ण दिले आहे. आज सहलीत फोनसमोर उभे राहिलेले मूल तीस वर्षांनी दुसरा प्रश्न विचारणार आहे : माझे ते चित्र कोठे आहे, आणि माझ्या शेजारी उभे असलेले ते कोण? त्याचे उत्तर कोणतेही यंत्र देणार नाही. लेपाची ती कांडी आता आपल्या हाती आहे.