आवणीचा ब्लाऊज आणि आपलं माप

इगतपुरी तालुक्यातल्या आपल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. पाऊस लागलाय, भाताची रोपं वर आलीत, आठ-पंधरा दिवसांत आवणी सुरू होईल. तरी आज बियाण्याचं नाही, हप्त्याचंही नाही, ब्लाऊजचं बोलायचंय. हसू नका. दिवसभर चिखलात वाकून रोप लावताना जिचा ब्लाऊज काखेत काचतो, पाठीतून वर चढतो, खांद्यावरून घसरतो, तिला विचारा हा विषय लहान आहे का. एका हातात रोपाची जुडी आणि दुसरा हात सारखा ब्लाऊज खाली ओढायला.

आमच्या गटात शिवणाला बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "काय करू ताई, माझं अंगच तसलं आहे." कुणाची छाती जास्त, कुणाचे खांदे उतरते, कुणाची पाठ वाकलेली. ब्लाऊज बसला नाही की बाई कापणाऱ्याला बोलत नाही, स्वतःच्या अंगाला बोलते. आम्हाला हे अजिबात पटत नाही. अंग आधीपासून आहे, कापड नंतर आलं. मग बदलायचं कुणी?

हे ३४, ३६, ३८ चे आकडे आले कुठून, ते आधी बघू. एकाच कपड्याचे वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली ती अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं, १८६३ साली. त्यानं घरी शिवणाऱ्या बायकांची मोठी सोय झाली. पुढे १९३९-४० च्या सुमारास तिथल्या सरकारनं जवळजवळ १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९. पण हिशेबात धरली फक्त गोऱ्या बायकांची. तयार कपड्यांच्या मापांचा पाया अशा कामांतून पडला. आपल्या देशाची स्वतःची मापं ठरवायला राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, अलीकडे काम हाती घेतलं. देशातली सहा शहरं निवडून २५ हजार माणसांची मापं यंत्रानं घ्यायची, असं ते काम. चांगलंच आहे. पण मोजणी शहरांतली. डोक्यावर हंडा, कडेवर मूल आणि वर्षातला महिनाभर आवणीला वाकलेली पाठ त्या यंत्रापुढे कितपत उभी राहणार?

म्हणजे दुकानातल्या मापात आपण बसलो नाही तर नवल काही नाही. पण ब्लाऊज तर आपण शिवून घेतो, तो का बसत नाही? त्याचं कारण आहे सूत्र. शिवणक्लासात आपल्याला शिकवतात, छातीचं माप घ्या आणि बाकीचं त्यावरून काढा. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, मुंढाही छातीवरूनच. शिकायला सोपं, लक्षात राहायला सोपं. आता दोघी जणी घ्या. दोघींची मान सारखी, खांदे सारखे. एकीची छाती ३४, दुसरीची ४२. सूत्राप्रमाणे पहिलीचा अर्धा गळा पावणेतीन इंचांच्या थोडा वर, दुसरीचा साडेतीन इंच. दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाहून जास्त गळा बाहेर सरकला. छाती वाढली म्हणून मान रुंद होते का कुणाची? मग तो ब्लाऊज खांद्यावरून घसरतो, आपण मागे नाडी लावून घेतो, लटकन लावतो आणि फॅशन म्हणतो. नाडीला आमची ना नाही. पण घसरणं थांबवायला नाडी लावावी लागत असेल तर चूक गळ्यात आहे.

म्हणून पहिली गोष्ट, छातीची मापं दोन घ्या. एक वरची छाती, म्हणजे काखेतून फीत नेऊन स्तनांच्या वरून. दुसरी भरलेली छाती, नेहमीची. फीत पाठीवर खाली घसरू देऊ नका, तीच चूक सगळ्यात जास्त होते. गळा आणि खांदा प्रत्यक्ष फितीनं मोजा, मुंढ्याला वरच्या छातीचा आधार घ्या. भरलेल्या छातीसाठी फक्त पुढचा भाग वाढवायचा. पाठ कशाला वाढवता, पाठीवर काय आहे?

वाढवायचं कसं, ते कागदावर. जुनं वर्तमानपत्र घ्या. समजा वरची छाती ३६ आहे. तिच्याशी जुळणारा नमुना साधारण ३८ छातीचा असतो. तुमची छाती भरली ४०. दोन इंच कमी पडले. पुढचे भाग दोन, म्हणजे एका भागाला एक इंच. पुढच्या भागाच्या कागदावर छातीच्या टोकाची खूण करा. खालच्या टक्सपासून त्या खुणेपर्यंत सरळ रेघ, तिथून तिरकी रेघ मुंढ्याच्या मध्यापर्यंत. या रेघेवर कात्री चालवा, पण मुंढ्याशी कागद तोडू नका, बिजागरीसारखा धरून ठेवा. दुसरा काप बाजूच्या शिवणीपासून खुणेपर्यंत, तिथंही टोकाशी जोडलेला ठेवा. आता टोकाजवळ एक इंच फट पडेल इतका कागद उघडा आणि खालपर्यंत फट तेवढीच ठेवा. खालून दुसरा कागद चिकटवा. खालची फट टक्समध्ये जाईल, बाजूला आपोआप नवा टक्स तयार होईल. मधली कड बाजूपेक्षा आखूड दिसेल, ती तेवढीच खाली वाढवून सरळ करा. रेडिओवर ऐकून डोकं गरगरेल, पण कागद हातात घेतला की पंधरा मिनिटांचं काम. छाती कमी असेल तर हेच उलटं, कागद उघडायच्या ऐवजी एकावर एक चढवायचा.

आता मुंढ्याकडे येऊ. आवणीच्या ब्लाऊजचा खरा तंटा इथं आहे. काखेत काचतं म्हणून आपण सांगतो, "मुंढा मोठा ठेवा." मग मुंढा खाली खोल कापला जातो. काचणं थांबतं, पण हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर येतो, पोट उघडं पडतं. असं का? मुंढा जितका खोल, तितकी बाही बरगडीवर खाली जोडलेली. हात उचलला की ती बाजूच्या कापडाला सोबत ओढते. मुंढा काखेच्या जवळ, अर्धा ते एक इंच खाली असला की हात एकटा हलतो, ब्लाऊज जागेवर राहतो. काचत असतो तो बहुतेक वेळा मुंढा नव्हे, तर दंडाशी अरुंद बाही नाहीतर पाठीला कमी पडलेलं कापड. ज्या बाईला हे पटत नाही तिनं एका जुन्या ब्लाऊजच्या मुंढ्यात खालून तुकडा लावून तो वर आणून बघावा. आमच्याकडे तीन-चार जणींनी केलं, आता त्या दुसऱ्यांना सांगतात.

बाही कापताना वरच्या टोकाला जो डोंगरासारखा चढ येतो, तोही बघा. चढ उंच असेल तर हात खाली सोडल्यावर बाही सुरेख दिसते, लग्नाला ठीक. कामाच्या ब्लाऊजला तो चढ अर्धा-पाऊण इंच कमी करा आणि बाही तेवढी रुंद होऊ द्या. बाहीची गोलाई आणि मुंढ्याची गोलाई फितीनं मोजून जुळवून घ्या, नाहीतर चुण्या पडतील. काखेत थोड्या घड्या दिसतील. दिसू देत, चिखलात कोण बघतंय? त्याहून सोपा उपाय म्हणजे काखेत चौकोनी तुकडा, दोन-अडीच इंचांचा. जुन्या पद्धतीच्या कुडत्यांना असा तुकडा असायचा तो उगाच नव्हे.

पाठीचं माप हात सोडून घेतो, ते पुरत नाही. स्वतःला मिठी मारल्यासारखे हात पुढे घ्या आणि मग एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत पाठ मोजा. जो फरक येईल त्यातला निम्मा तरी कामाच्या ब्लाऊजला द्या.

आमच्या आज्या खणाची गाठीची चोळी घालायच्या. गुळेदगुड्डचा खण, पुढे गाठ. बाळंतपणात सैल बांधली, नंतर घट्ट, म्हातारपणी पुन्हा सैल. बाईचं अंग वर्षावर्षाला बदलतं हे त्या चोळीला ठाऊक होतं. हुकांना ते ठाऊक नाही. म्हणून बाजूच्या शिवणीत एक ते दीड इंच कापड आत सोडाच, कापड वाचवायला तिथं कात्री लावू नका. अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर नक्कीच, त्यांचं माप सकाळी एक असतं आणि दुपारी एक.

म्हाताऱ्या बायकांची पाठ वाकलेली असते. मग ब्लाऊज मागून उचलला जातो आणि पुढे झोळ येतो. मागच्या कागदावर खांद्याच्या पात्यांच्या रेषेत आडवा काप घ्या, अर्धा ते पाऊण इंच उघडा, गळ्याशी छोटा टक्स घाला. पुढची लांबी थोडी कमी करा. एक खांदा खाली असणं तर आपल्यात सर्रास. तिथं डावा भाग आणि उजवा भाग वेगळा कापायचा, दुमडून एकत्र नाही.

आता एक गोष्ट, जी बायका आम्हाला एकटीला गाठून, दार लावून विचारतात. कॅन्सरमुळे एका बाजूचा स्तन काढावा लागलेल्या बायका आपल्या गावांत आहेत. त्यातल्या काही ब्लाऊज बसत नाही म्हणून हळदीकुंकवाला, गटाच्या बैठकीला येणं बंद करतात. पदर लपेटून घरात बसतात. जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी होकार दिला, की अस्तराच्या आतून त्या बाजूला मऊ सुती कापडाचा खिसा शिवता येतो, वरून उघडा. त्यात डॉक्टरांनी सुचवलेली गादी बसते, धुवायला काढता येते. त्या बाजूचे टक्स तसेच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील. आणि हे नीट ऐका, अशा ऑपरेशननंतर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. तिकडची बाही आणि मुंढा सैल ठेवा, बाहीला इलास्टिक नको. सूज दिसली तर ब्लाऊज उसवत बसू नका, दवाखान्यात दाखवा. हे शिवणारीनं जाहीर करायचं काम नाही. माप घ्यायचं, शिवायचं, गप्प राहायचं.

आपल्याकडच्या पावसाचंही थोडं. वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. कामाच्या ब्लाऊजला जाड अस्तर घालूच नका, पाणी धरून बसतं आणि काखेत कातडी सोलवटते. लोखंडी हुक गंजून डाग पाडतात, साधी बटणं लावा. सुती कापड कापायच्या आधी रात्रभर पाण्यात, मग वाळवून इस्त्री. ही पायरी गाळली की एवढं काढलेलं माप पहिल्या धुण्यात गेलं. पायमशीनला रोज काम संपल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचे दोन थेंब.

ज्या गटांना शिवणाची मोठी कामं घ्यायची आहेत, त्यांनी गणवेशाची गोष्ट लक्षात ठेवा. २०२४-२५ च्या शाळेच्या वर्षात राज्य सरकारनं सरकारी शाळांसाठी 'एक राज्य एक गणवेश' आणला आणि शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांकडे दिलं. बायकांना काम मिळालं ही मोठी गोष्ट होती. पण गणवेश उशिरा आले, कुणाला ढगळ, कुणाला तोकडे आले, अशा तक्रारी राज्यभरातून वर्तमानपत्रांत छापून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. आमचं मत असं, की पोराच्या अंगाला फीत न लावता शिवलेला गणवेश कितीही चांगल्या हातानं शिवला तरी असाच येणार. आता समित्या गावातल्या आहेत, त्यात आपल्याच बाया आहेत. काम मागायला जाल तेव्हा पहिली अट हीच घाला, की मापं आम्ही वर्गात येऊन घेणार, आणि वाढत्या अंगाला दोन बोटं दुमड सोडणार.

तर आवणीच्या आधी प्रत्येक गटानं एक दुपार मापासाठी ठेवावी. समाजमंदिराचं दार आतून लावा, पुरुष आणि मोठे मुलगे बाहेर. दोघी-दोघींच्या जोड्या करा. नवी फीत आणा, जुनी ताणून लांब झालेली असते. वरची छाती, भरलेली छाती, कंबर, खांदा, गळा, दंड, मिठीतली पाठ, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत, एवढी मापं झाली तरी पुरे. आकडे मोठ्यानं वाचू नका. ज्या बाईची मापं, तिच्याच वहीत तिच्यासमोर लिहा आणि वही तिच्याकडे द्या. येताना प्रत्येकीनं एक जुना, न बसणारा ब्लाऊज आणि दोन वर्तमानपत्रं घेऊन यायची. कात्री गटाची आहे, तिनं कागद कापू नका, कागदाला वेगळी आणा.