‘नको’ म्हणायचं आणि ‘हवं’ही म्हणायचं

(महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या सुनांनो,

आधी तुम्ही आत या आणि बसा. आजचा विषय उभ्यानं ऐकायचा नाही. विषय सांगितल्यावर काहीजणी तोंडाला पदर लावतील, तर लावा. मीही पहिल्यांदा या विषयावर बोलले तेव्हा जमिनीकडं बघूनच बोलत होते.

हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. गिरणीत काम करणारा इथला एक तरणा पोरगा १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढं आडवा झाला आणि ‘नाही’ म्हणाला. ती मोटार त्याच्या अंगावरून गेली. त्याच्या एका ‘नाही’चा आपल्याला आजही अभिमान वाटतो. पण आपल्याच घरात, रात्री दार लावल्यावर, बाई ‘नाही’ म्हणाली तर तिचा अभिमान कोणाला वाटतो? आज मला याच ‘नाही’बद्दल बोलायचं आहे. आणि त्याच्या जोडीच्या ‘हो’बद्दलही, कारण ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला तर आपण त्याहून जास्त घाबरतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ही गोष्ट आपल्याच भागातली आहे, पण गावाचं नाव सांगणार नाही. बचत गटाची बैठक संपली, बाया उठल्या, एक मात्र सतरंजीची घडी घालत मागं रेंगाळली. मग हळूच म्हणाली, “ताई, ते मोबाइलमध्ये काय काय बघत्यात आन् मला तसंच करायला लावत्यात. हे पाप हाय का?” मी लगेच म्हणाले, “पाप नाही गं, ही विकृती आहे.” मला वाटलं, मी तिची बाजू घेतली. ती गप्प झाली आणि निघून गेली. पुढचे दोन महिने ती बैठकीला आलीच नाही.

मग एकदा मंचरच्या बाजारात भेटली. कांद्याच्या पिशव्या खाली ठेवून म्हणाली, “ताई, तुम्ही विकृती म्हणाला. मग मपल्याला त्यातलं थोडं आवडलं, तर मीबी विकृतच का? मारलेलं नव्हतं आवडलं. नको म्हटल्यावर थांबला नाही, ते नव्हतं आवडलं. बाकीचं कुणाला सांगू?”

बायांनो, इतकी वर्षं चळवळीत काम करूनही मला जे नीट मांडता आलं नव्हतं, ते तिनं चार वाक्यांत मांडलं. काय आवडतं आणि काय जबरदस्तीनं होतं, हे तिनं वेगळं केलं होतं. मी मात्र दोन्ही एकाच टोपलीत टाकून वर ‘विकृती’ची चिठ्ठी लावली होती. तेव्हापासून मी विचार करते आहे, की ही चिठ्ठी माझ्या हातात दिली कोणी?

त्यासाठी थोडं मागं जाऊ. फार लांब नाही, शेजारच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटापर्यंत. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एक बाई राज्यकारभार बघत होती, यज्ञ करत होती, दानं देत होती, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण त्या लेखात तिची स्तुती कशी केली आहे पाहा. महिना महिना उपास करणारी, घरात तपस्विनीसारखी राहणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. थोर बाई ठरायला शरीर विसरावं लागत होतं, ते तेव्हापासून.

आणि त्याच सातवाहनांच्या नावावर ‘गाथासप्तशती’ आहे. आपल्या मराठीच्या आजीचा, महाराष्ट्री प्राकृताचा हा सातशे गाथांचा संग्रह हाल राजाच्या नावानं ओळखला जातो. त्यात शेतकरणी आहेत, वाटसरू आहेत, सासवा-सुना आहेत. आणि बाया आपल्या मनातली ओढ, रुसवा, चोरून भेटणं, सगळं उघड बोलतात. मी भाबडेपणानं असं म्हणणार नाही, की तो सोन्याचा काळ होता आणि बाया मोकळ्या होत्या. गाथा रचणारे बहुतेक पुरुषच असणार. पण एवढं नक्की, की बाईला इच्छा असते हे बोलायला मराठी मुलखाला तेव्हा लाज वाटत नव्हती. म्हणून ‘हे सगळं विलायती खूळ आहे, आपल्या संस्कृतीत नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्याला नाणेघाटाच्या वाटेला लावा!

आता पेशवाईत येऊ. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम हे मोठे लावणीकार त्याच काळातले. लावणीतली बाई इच्छेनं भरलेली, मागणी करणारी, रुसणारी. आणि त्याच पुण्यात उच्चवर्णीय घरातली विधवा केशवपन करून माजघरात बसलेली. व्यभिचाराचा आरोप आलेल्या बायांना सरकार कुणबीण म्हणून, म्हणजे दासी म्हणून, कामाला जुंपत होतं आणि विकतही होतं. म्हणजे वाटणी करून टाकली. इच्छा एका जातीच्या बाईच्या अंगावर लादली आणि अब्रू दुसरीच्या. एकीनं कायम ‘हो’च म्हणायचं आणि दुसरीनं कधीच म्हणायचं नाही. दोघींनाही कोणी विचारलं नाही. आपल्या शर्मिला रेगे यांनी लावणी आणि जातीचा हा संबंध अभ्यासून मांडला, तेव्हा आमच्यातल्या अनेकजणींचे डोळे उघडले.

हे जुनं झालं म्हणता? मग पंधरा-वीस मैलांवरच्या नारायणगावला चला. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपारी ठरते. आपल्याकडं यात्रा म्हटली की सकाळी पालखी, दुपारी घाटात बैलगाडा आणि रात्री तमाशा. कोणाला काही वावगं वाटत नाही. त्याच नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग. त्या तमाशासम्राज्ञी, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेल्या. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. खेळ चालू असतानाच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या, ही हकिकत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आपण ती कौतुकानं सांगतो. मला मात्र ती ऐकताना नेहमी वाटतं, समोर बसलेल्या त्या शेकडो पुरुषांतला एकही उठून ‘बाई, आता पुरे’ का म्हणाला नाही? २००२ साली विठाबाई गेल्या त्या हलाखीत. त्यांच्या नावानं सरकार आता जीवनगौरव पुरस्कार देतं.

यात्रेच्या रात्री जो फेटा उडवतो, तोच सकाळी बायकोचा पदर डोक्यावरून घसरला म्हणून ओरडतो. त्याला एकटा माणूस म्हणून ढोंगी म्हणणं सोपं आहे. पण हे ढोंग त्याच्या एकट्याचं नाही, ते दोनशे वर्षांच्या वाटणीतून आलं आहे.

त्या वाटणीवर इंग्रजांनी कायद्याचा शिक्का मारला. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ आलं आणि ‘निसर्गाविरुद्ध’ संबंध गुन्हा ठरले. अश्लीलतेचं कलमही त्याच संहितेतलं. मग आपले शिकलेले लोक साहेबापुढं सभ्य दिसायला लावणीपासून लांब सरकले. या सगळ्याविरुद्ध एक माणूस एकटा उभा राहिला, रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. बाईलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी छापून सांगितलं. वाचक पत्रानं शंका विचारत आणि हे सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. पण लैंगिक प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, हे बाबासाहेबांनी कोर्टात मांडलं. आणि या सगळ्या वर्षांत पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर घर चाललं, हेही आपण विसरू नये.

आता कोणी म्हणेल, परदेशात बरं आहे, तिथं सगळं मोकळं. इटलीचं उदाहरण घेते. सिनेमातून आपल्याला वाटतं, तिथले लोक प्रेमात आणि शृंगारात अगदी मोकळे. १८८९ च्या त्यांच्या फौजदारी कायद्यानं पुरुषा-पुरुषातले संबंध गुन्हा ठरवले नाहीत. आपल्याकडं ते ओझं सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी उतरवलं. पण तीच इटली ऐका. १९६५ च्या डिसेंबरात सिसिली बेटावरच्या अल्कामो गावातून सतरा वर्षांच्या फ्रांका व्हियोलाला एका गुंडानं पळवून नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. कायदा काय होता? त्यानं तिच्याशी लग्न केलं की गुन्हा माफ! सगळं गाव म्हणालं, लग्न कर, अब्रू वाचव. ती ‘नाही’ म्हणाली. तिचा बाप शेतकरी, तो लेकीच्या बाजूनं उभा राहिला. त्यांच्या मळ्याला आग लावली, तरी दोघं मागं हटले नाहीत. गुन्हेगाराला शिक्षा झाली. तरीही ते लग्नानं माफीचं कलम रद्द व्हायला १९८१ साल उजाडलं. आणि बलात्कार हा ‘सार्वजनिक नीती’विरुद्धचा नव्हे, तर त्या बाईविरुद्धचा गुन्हा आहे, हे इटलीच्या कायद्यानं १९९६ साली मान्य केलं.

ओळखीचं वाटतं ना? ‘पोराला समज देऊ, लग्न लावून टाकू, पोरीची बदनामी नको’, ही तडजोड आपण कितीदा ऐकली? आणि आपल्या गडचिरोलीकडच्या देसाईगंजची मथुरा आठवा. १९७२ साली पोलीस चौकीत त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिला आधीपासून संबंधांची सवय होती, अंगावर जखमा नव्हत्या, असल्या गोष्टी कोर्टात तिच्याविरुद्ध गेल्या. शेवटी सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडून दिलं. तिनं एकदा कोणाला ‘हो’ म्हटलं होतं, म्हणून तिचं ‘नाही’ संपलं! त्यावर देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. आपली चळवळ त्यातूनच वाढली.

पण आपणही नेहमी शहाण्या नव्हतो. २००५ साली सरकारनं डान्सबार बंद केले. मोठ्या हॉटेलांना मात्र सूट होती. तेव्हा आपल्याच संघटनांत दोन तट पडले. एक म्हणे, बाईचा बाजार बंद झाला. दुसरा म्हणे, नाचणाऱ्या बाईचं पोट बंद झालं, बघणारा मोकळाच राहिला. २०१३ साली सुप्रीम कोर्टानंही ती बंदी अमान्य केली. त्या भांडणातून मी एक शिकले. बाईसाठी नियम करताना आधी त्या बाईला विचारावं.

म्हणून मी ‘विकृती’ हा शब्द आता जपून वापरते. दोन सज्ञान माणसांना एकमेकांत काही वेगळं, लोकांना चमत्कारिक वाटेल असंही, राजीखुशीनं आवडत असेल, तर त्यांच्या दाराबाहेर उभं राहून नाव ठेवणारी मी कोण? पण राजीखुशी म्हणजे काय, ते स्पष्ट हवं. मी तीन प्रश्न विचारते. तुला विचारलं होतं का? ‘नको’ म्हणाल्यावर हात थांबला का? आणि ‘नको’ म्हटल्याबद्दल दुसऱ्या दिवशी मार, उपास, अबोला किंवा ‘माहेरी जा’ असं काही भोगावं लागलं का? पहिल्या दोनांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तुमची आवड तुमची. नाहीतर, मग ते कितीही साधं, लग्नातलं, रोजचं असो, ती जबरदस्तीच आहे.

कायदा अजून इथपर्यंत आलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ६३ नेही अठरा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्यानं केलेल्या जबरदस्तीला बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवलं. पण हातात काहीच नाही असं समजू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, आणि नवऱ्याकडून झालेलाही त्यात येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते, कोर्टाकडून मनाईहुकूम मिळतो, घरातून कोणी बाहेर काढू शकत नाही. १८१ या नंबरावर फोन करता येतो. हे नंबर आणि ही कलमं मुलींना पाठ करायला लावा.

आणि बचत गटात हप्त्यांच्या हिशोबानंतर दहा मिनिटं या बोलण्यासाठी ठेवा. कोणाचं नाव बाहेर जाणार नाही, अशी शपथ घ्या. सासूनं सुनेला आणि जावेनं जावेला हसायचं नाही. सुरुवातीला सगळ्या गप्प बसतील. बसू द्या.

ती बाजारातली मैत्रीण आता परत बैठकीला येते. तिनं नवऱ्याला काय सांगितलं, ते तिनं मला सांगितलं आहे, पण ते तिचं आहे. एवढंच सांगते, की तिनं आधी ‘नको’ कशाला ते सांगितलं, आणि मग पहिल्यांदाच ‘हवं’ काय तेही सांगितलं. तो आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं विचारलं, “आज चालंल का?”

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्यानं तिला विचारलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आता तुम्ही बोला. मी ऐकते.