पेशीतील बिऱ्हाडकरू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात विकास नगर, लखनौ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी पेशीवर बोलणार हे कळताच आपल्यातील एका शाळकरी मुलाने मला विचारले, "कसली पेशी? कोर्टातली?" दोष त्याचा नव्हे. लखनौमध्ये पेशी म्हणजे कचेरीतील तारीख. मराठीत जिला आपण पेशी म्हणतो ती त्याच्या हिंदी पुस्तकात 'कोशिका' असते, आणि आपला 'स्नायू' तेथे 'मांसपेशी' होतो. शब्दांचा हा घोळ बाजूस ठेवून मी वस्तूपासूनच आरंभ करितो, आणि तीही आपल्या स्वयंपाकघरातील वस्तूपासून. ती वस्तू म्हणजे बटाटा.

बटाटा श्वास घेतो, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल. परंतु वरून धडधाकट दिसणारा बटाटा चिरल्यावर आत काळा निघाल्याचा अनुभव भगिनींना असेल. ढिगात वा बंद जागी पुरेसा प्राणवायू न मिळाल्यास त्याचा गाभा असा काळा पडतो. बटाटा जणू गुदमरतो. आपल्या उत्तर प्रदेशात फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेले पीक कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवितात, तेही हा श्वास मंद करण्यासाठी. तेथून आलेला बटाटा किंचित गोड लागतो, कारण थंडीत त्याच्या पेशींतील पिष्टाची साखर होऊ लागते. खणून काढलेला बटाटा मृत नसतो, तो केवळ निजलेला असतो.

या बटाट्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेविली तर खोल्याखोल्यांचा वाडा दिसतो. १६६५ साली रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या कापात अशाच खोल्या पाहिल्या आणि त्यांना नाव दिले. त्याने पाहिल्या त्या रिकाम्या भिंती. बटाट्याच्या खोल्यांत मात्र संसार नांदत असतो. बाहेर सेल्युलोजची पेशीभित्तिका, तिच्या आत नाजूक पेशीपटल. हे पटल म्हणजे निव्वळ पडदा नव्हे. काय आत घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे याची निवड ते सतत करिते. ते फाटले तर पेशी मरते. आत पेशीद्रव्य, पाणी साठविणारी रिक्तिका, प्रथिने घडविणारे रायबोसोम आणि वंशपरंपरेचे लेख गुणसूत्रांत जपणारे केंद्रक. पिष्ट साठविणारी वर्णहीन लवकेही येथेच असतात. बटाटा उजेडात राहिला की हिरवा पडतो, त्याचे कारण या लवकांचे हरितलवकांत होणारे रूपांतर.

मग श्वास कोठे घेतला जातो? तो तंतुकणिकांत, म्हणजेच मायटोकाँड्रियांत. अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे हातोहात पुढे जातात आणि शेवटी प्राणवायूला मिळून त्याचे पाणी होते. या प्रवासात मोकळी होणारी ऊर्जा 'एटीपी' या रेणूंत साठविली जाते. या साखळीतील एक हात म्हणजे 'सायटोक्रोम सी' हे लोहयुक्त, तांबूस प्रथिन.

येथे एका मराठी कन्येचे नाव घेणे प्राप्त आहे. १९११ साली इंदूरला, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच, जन्मलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. थोर लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे विद्यार्थी. तरीही १९३३ साली त्याच संस्थेत कमलाबाईंना प्रवेश नाकारला गेला, तो केवळ त्या स्त्री होत्या म्हणून. संचालक होते सर सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत, त्यांनी सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे. वर्षाअखेरीस त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले, आणि ते दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे केंब्रिजला गेलेल्या कमलाबाईंनी बटाट्यावर काम करीत असता दाखवून दिले की सायटोक्रोम सी वनस्पतीच्या पेशीपेशीत असते आणि तेथील ज्वलनक्रियेत भाग घेते. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. मायदेशी परतून त्यांनी डाळी, दूध आणि नीरा यांवर, म्हणजे गरिबाच्या पोषणावर, आयुष्य वेचले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आता आपण स्वतःकडे वळू. हेच प्रथिन आपल्या शरीरातही आहे. माणसाच्या सायटोक्रोम सी मध्ये १०४ अमिनो आम्ले एका ओळीत असतात. चिंपांझीत ती ओळ तंतोतंत तीच. आणि आपल्या पोळीच्या गव्हातही निम्म्याहून अधिक ठिकाणी तीच अक्षरे आढळतात. अवघ्या सृष्टीचे गोत्र एक आहे, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा?

तंतुकणिका मुळात पेशीची नव्हेच. सुमारे दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक स्वतंत्र जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तेथेच त्याने बिऱ्हाड केले. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीने १९६७ साली हा विचार समर्थपणे मांडला, तोही अनेक नियतकालिकांनी परत केल्यावर. या बिऱ्हाडकरूने आपला बहुतेक लेखसंग्रह कालांतराने यजमानाच्या केंद्रकाकडे सोपविला. सायटोक्रोम सी देखील आज केंद्रकातील लेखावरून बाहेर घडते आणि मग तंतुकणिकेत येते. तरीही तिने स्वतःची एक छोटी पोथी जवळ राखली आहे. माणसात तिच्यात ३७ जनुके असतात, आणि ती पोथी लेकरांना मिळते ती आईकडून.

उपमेला शास्त्र समजू नये, हे मी जाणतो. तरीही मराठी मुलखापासून इतक्या दूर, पन्नास वर्षे पुरी केलेल्या या मंडळात हे सांगताना मन भरून येते. या नगरीने आपल्याला जागा दिली, आपणही तिच्या कारभारात हातभार लाविला. बहुतेक व्यवहार तिच्या भाषेत सोपविला आणि त्यात काही गैर झाले नाही. परंतु आईकडून आलेली पोथी मात्र आपल्या हाती राहिली पाहिजे. मुलाने शाळेत 'कोशिका' लिहावे. घरी मात्र 'पेशी' म्हटल्यावर त्याला कोर्ट आठवू नये, एवढे आपल्याला करिता येईल. आणि आपल्या घरातील एखादी मुलगी बटाटा चिरताना "हा आत काळा का?" असे विचारील, तेव्हा तिला गप्प न करिता तिच्या हाती सूक्ष्मदर्शक द्यावा.