शेजारच्या रानातली आपली पाइपलाइन

रानातून आला असाल, तर आधी पाणी प्या, मग ऐका. आजचं बोलणं पाण्याचंच आहे.

एप्रिलचा महिना होता. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या मोसंबीला पाणी येईना. विहिरीवर मोटार चालू, पण टोकाला थेंब नाही. शोधत गेलं तर चुलतदिराच्या भुईमुगात ओल फुटलेली. पाइपाचा जोड तिथं निखळला होता. वहिनी कुदळ घेऊन गेल्या, तर भाऊजी बांधावर उभे. "पाइप मी भावाच्या शब्दावर टाकू दिला होता. तो राहिला नाही. आता माझ्या पिकात कुदळ चालणार नाही."

आता यात कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 आहे. त्याचं कलम 49 लक्षात ठेवा, कारण तहसीलमध्ये आकडा सांगितला की काम लवकर कळतं. ज्या विहिरीवर किंवा पाण्यावर तुमचा हक्क आहे, तिथलं पाणी शेतीसाठी दुसऱ्याच्या रानातून न्यायचं आहे आणि तो तयार नाही, तर तुम्ही तहसीलदाराकडे अर्ज करू शकता. तहसीलदार शेजाऱ्याला नोटीस देतात, त्याचंही ऐकतात आणि चौकशी करून आदेश देतात. पाइप जमिनीखालून असेल तर तो निदान अर्धा मीटर खोल, म्हणजे दीड फुटाहून थोडा जास्त. पाटाची चारी असेल तर रुंदी दीड मीटरपेक्षा जास्त नको. शेजाऱ्याचं नुकसान होईल त्याची भरपाई तुम्ही द्यायची.

आणि आपल्या कामाचं म्हणजे, हा आदेश फक्त पाइप टाकण्यापुरता नसतो. दुरुस्तीसाठी तुम्हाला आणि तुमच्या मजुरांना त्या रानात जाण्याची मुभा त्यातच मिळते. पण आधी शेजाऱ्याला वाजवी मुदतीची सूचना द्यायची, पिकाचं कमीत कमी नुकसान करायचं, लागेल तेवढंच खणायचं आणि चर बुजवून रान होतं तसं करून द्यायचं. पाइप नीट ठेवण्याची जबाबदारीही तुमचीच. गळक्या पाइपानं त्याचं पीक सडलं तर भरपाई तुमच्यावर येते, हे आपण सोयीनं विसरतो.

वहिनींकडे असा आदेश नव्हता, फक्त शब्द होता. जुन्या वापराला भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 चा आधार मिळतो. उघडपणे, खंड न पडता, हक्क म्हणून 20 वर्षं वापर असेल तर तो हक्क ठरू शकतो, आणि हक्क ठरला की दुरुस्तीला जाण्याचा हक्कही त्यासोबत येतो. पण "राहू दे, टाक पाइप" अशा परवानगीनं चाललेला वापर हक्क म्हणून मोजत नाहीत. शिवाय तो निवाडा दिवाणी कोर्टात, आणि कोर्टाची तारीख मोसंबीला कुठं कळते! म्हणून त्यांनी कलम 49 चा अर्ज केला. सोबत दोन्ही गटांचे सातबारे आणि विहीर व पाइप दाखवणारा कच्चा नकाशा. तिथं एक घोळ निघाला. विहिरीतला हिस्सा अजून नवऱ्याच्याच नावावर, वारस नोंदच झालेली नव्हती. तलाठ्याकडे ते करण्यात दिवस गेले. आदेश हातात येईपर्यंत चाळीसेक झाडं वाळली.

तेव्हा मैत्रिणींनो, पाइप फुटायची वाट बघू नका. आजच सातबारा काढा आणि इतर हक्काच्या रकान्यात विहिरीचा हिस्सा तुमच्या नावानं आहे का ते बघा. वकील लागला तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर 15100.

घराच्या भिंतीचं मात्र वेगळं आहे. मागच्या भिंतीला गिलावा करायचाय आणि परांची शेजाऱ्याच्या अंगणातच बसते, असं गावठाणात घरोघरी. इंग्लंडमध्ये 1992 साली यासाठी खास कायदा झाला. शेजारी नाही म्हणाला तरी कोर्ट दुरुस्तीपुरतं आत जाऊ देतं. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. जुना हक्क नसेल तर परवानगीच घ्यावी लागते. आणि आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर अर्ध्या गावाला कुलूप, माणसं ऊसतोडीला. कुलूपबंद अंगणात न विचारता शिरू नका, मग काम कितीही साधं असो. टोळी निघायच्या आधी बोला. किती दिवस काम, परांची कुठं, काही मोडलं तर कोण भरणार, हे वहीच्या पानावर लिहून दोघींच्या सह्या घ्या. राहिलंच तर फोनवर विचारा आणि संदेश जपून ठेवा.

वहिनींचं पुढं काय झालं विचाराल. आदेश आला तेव्हा भुईमूग काढायला आठ दिवस होते. वहिनी म्हणाल्या, झाडं गेली ती गेली, भाऊजींच्या शेंगा निघू देत. थांबल्या. मग जोड बसवला, चर बुजवला, वर माती दाबली. कलम 49 मध्ये अजून एक गोष्ट आहे, जादा पाणी शेजाऱ्यालाही ठरलेल्या दरानं घेता येतं. यंदा भाऊजींनी त्यासाठी विचारलंय. दर अजून ठरायचाय.